डोंबेकांची अँटेना आणि धुक्यातला सामना

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे एक मोठं मैदान आहे. त्यात तीस हजार माणसं बसली आहेत. ती एकदम ओरडली की तुमच्या स्वयंपाकघरात कपबशा किणकिणतात आणि मांजर पलंगाखाली जाऊन बसतं. सगळं कसं स्पष्ट ऐकू येतं. म्हणून तुम्ही मोठ्या आशेने टीव्ही लावता, आणि टीव्हीवर एक बाई सफरचंदाचा केक कसा भाजायचा ते शिकवत असते. मागे मैदान गरजतंय आणि पुढे बाई अंडं फोडतेय.

आता उघडा डोळे. यात भुताटकी काही नाही. त्या काळी अमेरिकेत नियमच तसा होता. ज्या शहरात फुटबॉलचा, म्हणजे तिकडच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, सामना, त्या शहरात आणि भोवतालच्या पाऊणशे मैलांत तो टीव्हीवर दाखवायचा नाही. नाहीतर तिकिटं कोण घेणार? सामन्याच्या अगदी शेजारी राहणाऱ्याला तो दिसत नसे, आणि शंभर मैलांवरचा माणूस पाय पसरून बघत असे.

आपली बर्नडेट डोंबेक अशा शेजाऱ्यांपैकीच. वय वर्षं दहा, राहणार पोर्ट हॅलोरन, सरोवराच्या काठी. तिच्या घरात चार माणसं: पपा, ममा, ती, आणि जाजा. जाजा म्हणजे तिचे आजोबा. पोलंडहून आलेल्या घरांत आजोबांना तसंच म्हणत. पण डोंबेकांकडे आजोबांचा मुलगा, सून, इतकंच काय, दूधवालासुद्धा त्यांना जाजाच म्हणे.

त्या वर्षी गावाचा संघ, म्हणजे स्टोकर्स, बाद फेरीत पोहोचला. या आधी पोहोचला होता तेव्हा जाजांच्या मिशा काळ्या होत्या. इतकी वर्षं हा संघ दर हिवाळ्यात हरत आला, आणि इतकी वर्षं जाजा मैदानात जाऊन, कुडकुडत, त्याला शिव्या देत आले. आणि आता जिंकायची वेळ आली, तर डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून सांगितलं, "या थंडीत उंबरठा ओलांडायचा नाही. पुढच्या मोसमाचं मी काही सांगू शकत नाही."

हे शेवटचं वाक्य डॉक्टर दारापाशी, दबक्या आवाजात बोलले. पण घर लहान होतं. सगळ्यांनी ऐकलं. जाजांनीसुद्धा.

"काही बिघडत नाही," जाजा म्हणाले. "मी ऐकीन." आणि त्यांनी आपली खुर्ची मैदानाच्या बाजूच्या खिडकीकडे वळवली.

रेडिओ होता की, असं तुम्ही म्हणाल. पण जाजांचं मत असं, की रेडिओवरचा माणूस दिसेल ते सांगत नाही, सुचेल ते सांगतो.

ते "मी ऐकीन" कॅझिमिर डोंबेकच्या, म्हणजे बर्नडेटच्या पपांच्या, जिव्हारी लागलं. पपा एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते. लोक छपरावरून पडले की त्यांचे अर्ज तपासायचे, हे त्यांचं काम. लोक छपरावर चढतातच कशाला, हे त्यांना कधी उमगलं नव्हतं. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी काटा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "जाजा, तुम्ही सामना बघणार. मी छपरावर अँटेना बसवतो. उंच. सरोवराच्या पलीकडच्या शहरातलं चित्र ओढून आणतो."

ममा म्हणाल्या, "कॅझ, तुला शिडीवर तिसऱ्या पायरीला चक्कर येते."

"म्हणूनच मी खाली बघणार नाही," पपा म्हणाले.

बातमी गल्लीत पोहोचायला काही वेळ लागला नाही. सकाळी सगळ्यात आधी आले मिस्टर स्टिट, समोरच्या घरातले. हे निवृत्त होते आणि निवृत्तीनंतर माणसाने सल्ला द्यावा असं त्यांचं ठाम मत होतं. "हे बघ कॅझिमिर," ते म्हणाले, "मी युद्धात बिनतारी तुकडीत होतो. खांब लोखंडी घे. दिशा मी सांगतो." (ते बिनतारी तुकडीत होते हे खरं. पण तिथे ते बटाटे सोलत, हे पुढे कळलं.) मग आल्या शेजारच्या मिसेस ग्रोबेल, हातात मुरंब्याची बरणी घेऊन. बरणी हे निमित्त. त्यांनी खांबाकडे बघितलं, पपांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई बाई! शोभतं का हे, या वयात? आमच्या लेनीने असली माकडचेष्टा मनात जरी आणली ना, तर मी त्याला जेवायला घालणार नाही." मागे उभे असलेले त्यांचे यजमान, लेनी ग्रोबेल, आपल्या बुटांकडे बघत राहिले.

आता तुम्हाला वाटेल, खांब आणला, उभा केला, संपलं. मुलांनो, नगरपालिका नावाची गोष्ट तुम्हाला अजून भेटलेली नाही. पोर्ट हॅलोरनमध्ये धुराड्याहून उंच काहीही उभारायचं तर परवानगी लागे. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अँटेना? मिळणार नाही."

"का पण?"

"नियमात नाही म्हणून."

"मग नियमात काय आहे?"

त्यांनी नियम काढले. धुराड्याहून उंच चालतील अशा तिथे तीनच गोष्टी होत्या: चर्चचा कळस, पाण्याची टाकी आणि ध्वजस्तंभ. पपांनी क्षणभर विचार केला. चर्च परवडणारं नव्हतं. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मला माझ्या देशाचा झेंडा लावायचाय."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "मग झेंडा लागलेला असला पाहिजे. दिवसभर. इन्स्पेक्टर येऊन बघून जाईल."

अशा रीतीने शुक्रवारी डोंबेकांच्या छपरावर एक ध्वजस्तंभ उभा राहिला. त्याच्या टोकाला माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी अँटेना होती आणि तिच्या खाली बिछान्याच्या चादरीएवढा झेंडा. वारा आला की झेंडा सांगाड्याला मिठी मारी. इन्स्पेक्टरने रस्त्यातून बघून सलाम ठोकला. पपांनाही नाइलाजाने, धुराडं एका हाताने घट्ट धरून, सलाम करावा लागला.

शनिवारी दुपारी चाचणी झाली. पपा छपरावर, बर्नडेट माळ्याच्या खिडकीत डोकं बाहेर काढून, ममा जिन्यात आणि मिस्टर स्टिट टीव्हीसमोर. मिस्टर स्टिट ओरडत, ते ममा बर्नडेटला सांगत, आणि बर्नडेट पपांना.

"आलं!"

"आलं, पपा!"

"आलं, आलं... गेलं!"

"गेलं, पपा!"

असं पाऊण तास चाललं. शेवटी एकदाचं चित्र स्थिरावलं. कुठल्याशा दूरच्या शहरातला, कुठल्याशा दोन संघांचा सामना चालू होता. पण चित्र विचित्र होतं. प्रत्येक खेळाडूच्या मागे, वीतभर अंतरावर, तसाच आणखी एक फिकट खेळाडू पळत होता. हा पडला की तोही पडे. हा उठला की तोही उठे.

"काही नाही, लाटा टेकडीवर आपटून दोनदा येतात," मिस्टर स्टिट म्हणाले. "या धंद्यात त्यांना भुतं म्हणतात."

जाजा पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ते ठीक आहे. पण तो मागचा लंगडतोय."

"कोण?"

"तो, उजवीकडच्या कडेचा. पुढचा नीट पळतोय. मागचा लंगडतोय."

बर्नडेटने बघितलं. पुढचा काळा आकार सरळ धावत होता. मागचा फिकट आकार डावा पाय ओढत होता. तिने डोळे चोळले आणि पुन्हा बघितलं. मिस्टर स्टिट घसा खाकरत म्हणाले, "लाटा." आणि त्यांनी टीव्ही बंद केला. 

रविवार उजाडला तो ओला. रात्रीतून वारा फिरला होता. छपरांच्या कडांवरचे बर्फाचे सुळे टपटप गळत होते आणि गोठलेलं सरोवर दुरून कण्हल्यासारखा आवाज करत होतं. दुपारपर्यंत डोंबेकांच्या बैठकीत गल्लीतली अर्धी माणसं जमली. पाव, आंबट कोबी, सॉसेजेस, मुरंबा, सगळं आलं. ग्रोबेल मंडळी मात्र आली नाहीत. मिसेस ग्रोबेलनी निरोप पाठवला, की लेनीला बरं नाही, तो पडून आहे.

सामना सुरू झाला आणि चित्र आलं! भुतांसकट आलं, पण आलं. टीव्हीतून बारीक गर्जना येई आणि क्षणभराने तीच बाहेरून, मैदानातून, मोठी होऊन येई. जाजा खुर्चीच्या कडेवर बसून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरात बसून, स्टोकर्सना शिव्या देत होते. पपा दारात हाताची घडी घालून उभे होते. ते टीव्हीकडे बघतच नव्हते, जाजांकडे बघत होते.

मध्यंतर झालं. स्टोकर्स दोन गुणांनी मागे. आणि मध्यंतरात सरोवरावरून धुकं आलं.

ते कसं आलं हे बर्नडेटने बघितलं, कारण ती खिडकीत होती. आधी गल्लीच्या टोकाचं चर्च गेलं. मग बेकरी गेली. मग समोरचं मिस्टर स्टिटांचं घर तळापासून विरघळत विरघळत छपरापर्यंत गेलं. दीपगृहाचा भोंगा एखाद्या हरवलेल्या गायीसारखा हंबरायला लागला. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले, आणि त्यांचाही नुसता उजेड दिसत होता, खांब दिसत नव्हते.

दुसरा भाग सुरू झाला तेव्हा टीव्हीवर काहीच नव्हतं. नुसता करडा रंग. त्यात मधूनच एखादा माणूस उमटे, चार पावलं धावे आणि पुसला जाई. चेंडू तर कधीच दिसेनासा झाला होता.

"अँटेना फिरली!" मिस्टर स्टिट गरजले. "कॅझिमिर, वर!"

बैठकीतून एकच कल्ला झाला. कुणी म्हणालं वायर ओली झाली, कुणी म्हणालं झेंडा गुंडाळला गेला, आणि एक गृहस्थ तोंडात सॉसेज घेऊन म्हणाले की दोष टीव्हीचाच आहे, हा टीव्ही घ्यायलाच नको होता. पपांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक धुराड्याला, आणि ते धुक्यात चढले. बर्नडेट माळ्याच्या खिडकीत आपल्या जागेवर बसली. पपांच्या कोटाची शेपटी दिसत होती. मग नुसते बूट दिसले. मग बूटही गेले.

"काय म्हणतात खाली?" धुकं पपांच्या आवाजात म्हणालं.

"डावीकडे, पपा!"

लोखंड करकरलं. आणि तेवढ्यात, कुठूनसा, विहिरीच्या तळातून यावा तसा एका बाईचा आवाज आला, "उजवीकडे... आणखी उजवीकडे..."

लोखंड उलट करकरलं. खालून ओरडा झाला, "गेलं! होतं तेही गेलं!"

"बर्नी, एकदा डावीकडे सांगतेस, एकदा उजवीकडे सांगतेस!"

"मी उजवीकडे म्हटलंच नाही, पपा."

 "मग कोण म्हणालं?"

बर्नडेटने खिडकीची चौकट घट्ट धरली. धुकं खिडकीत येऊन तिच्या गालाला लागत होतं. दूरवरून नव्हे, अगदी शेजारच्या छपरावरून आल्यासारखा मैदानातला आवाज आला: एक खेळाडू खुणेचे आकडे भराभर ओरडत होता, मग धान्याची पोती एकावर एक आदळावीत तसे धप्प धप्प आवाज, आणि मग कुणीतरी कळवळलं. पुन्हा शांतता. आणि त्या शांततेत दुसरीकडून एक पुरुषी आवाज म्हणाला, "बस्स... अगदी तिथेच... हलू नकोस..."

"नाही हलत," पपा घाबऱ्या आवाजात म्हणाले.

"नको ना हलूस, आता जरा मागे..." तिसरा आवाज.

"वर कर!" चौथा.

"पपा, खाली या," बर्नडेट म्हणाली. पण तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तो तिलाच ऐकू आला नाही.

तेवढ्यात सरोवराकडून वाऱ्याची एक झुळूक आली आणि धुकं, पडदा सरकावा तसं, छपरांवरून बाजूला झालं. एका श्वासापुरतंच. बर्नडेटने बघितलं. गल्लीतल्या एकाआड एक छपरावर माणसाची एक एक काळी आकृती धुराड्याला मिठी मारून उभी होती. प्रत्येकाच्या हातात एक उंच खांब होता, आणि खांबाच्या टोकाला माशाचा सांगाडा. कुणी हलत नव्हतं. सगळ्यांच्या माना वळलेल्या होत्या, आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. ओळीने, गल्लीच्या टोकापर्यंत, दफनभूमीतल्या क्रुसांसारखे.

सगळ्यात जवळचा माणूस झोपायच्या सदऱ्यात होता.

"कॅझ," तो म्हणाला.

"लेनी," पपा म्हणाले. "बरं नव्हतं ना तुला?"

"आता बरं वाटतंय."

खालून विहिरीतला तो आवाज पुन्हा आला. आता तो ओळखू येत होता. "लेनी! गप्पा कसल्या मारतोस? उजवीकडे म्हणते ना मी!"

दोघांनीही, इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या सभ्य माणसांनी करावं तसं, एकमेकांना टोपी उचलून नमस्कार केला. पपांनी टोपी उचलली खरी, पण त्यांचा चेहरा बर्नडेटला दिसला. सबंध गल्लीत आपणच एक, जगावेगळं काहीतरी करतोय, असं त्यांना वाटत होतं. आणि तेवढा वेळ ते मिसेस ग्रोबेलचं ऐकून अँटेना फिरवत होते. ममांचंही त्यांनी इतक्या निमूटपणे कधी ऐकलं नव्हतं. मग धुकं मिटलं आणि सगळी माणसं पुन्हा गेली. उरले ते आवाज. डावीकडे. उजवीकडे. आलं का? बोला ना कुणीतरी, आलं का?

ही गंमत सांगायला बर्नडेट जिना उतरून धावत खाली आली. पण बैठकीत कुणाला ऐकायला सवड नव्हती. सगळे टीव्हीला घेरून, त्याला थोपटत, दटावत, त्याची बटणं पिळत उभे होते. आणि या गोंधळात टीव्हीच्या आतून एक माणूस केविलवाण्या आवाजात सांगत होता. बर्नडेट टीव्हीच्या बाजूला जमिनीवर बसली, म्हणून तिलाच ते ऐकू आलं.

"प्रेक्षकहो, आपला संच बिघडलेला नाही. मैदानातच धुकं आहे. मी इथे बसलोय आणि मलाही काही दिसत नाही. माझ्या शेजारी बसलेले सहकारी आहेत की गेले, तेही मला नक्की सांगता येत नाही."

"मिस्टर स्टिट!" ती म्हणाली. "टीव्ही नीट आहे! धुकं तिकडेच आहे!"

"बाळ, तू बाजूला हो, शॉक बसेल," मिस्टर स्टिट म्हणाले आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "डावीकडे!"

वर काहीतरी कडकडलं. फडफडलं. टीव्हीचा करडा रंगही गेला आणि खरखरणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडायला लागला. झेंड्याने आपलं काम केलं होतं.

बर्नडेट जाजांकडे वळली. जाजा टीव्हीकडे बघतच नव्हते. त्यांनी खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली होती आणि ते ऐकत होते. रागावलेले नव्हते. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते, एखाद्याने घर बंद करून किल्ली शेजारी द्यावी आणि मग पायरीवर नुसतं बसून राहावं, तसे.

"जाजा," ती म्हणाली, "शेवटची वीसेक मिनिटं राहिली असतील. अजून दोन गुणांनीच मागे आहोत."

"हं. ऐकतोय ना मी."

ती खिडकीपाशी त्यांच्या शेजारी उभी राहिली. काचेवर बाहेरून थेंब ओघळत होते. तिने खिडकी वर ढकलली. कुणी रागावेल म्हणून तिने आधी मागे बघितलं, पण सगळ्यांची पाठ होती. तिने हात बाहेर काढला. आणि मग तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"जाजा, हात बाहेर काढा."

त्यांनी काढला. धुकं हाताला लागलं. ओलं, मऊ, घोड्याच्या श्वासासारखं कोमट.

"डॉक्टर थंडीत जायचं नाही म्हणाले होते ना?" बर्नडेट म्हणाली. "मग आज थंडी कुठे आहे?"

जाजांनी तिच्याकडे बघितलं. मग आपल्या हाताकडे. मग बैठकीतल्या त्या सगळ्या शहाण्या माणसांच्या पाठींकडे. मुलांनो, आठवडाभर त्या घरात खांब, वायरी, परवाने, झेंडे, सल्ले यांची रीघ लागली होती. पण सकाळपासून बर्फ वितळतोय, हवा वैशाखासारखी नाही तरी बरीच ऊबदार झालीय, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस चार गल्ल्या चालू शकतो, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

"तिकीट कुठंय?" जाजा म्हणाले, पण म्हणता म्हणता उठायला लागले होते.

"सामना संपत आला की फाटक उघडं असतं! लवकर निघणाऱ्यांसाठी. आम्ही शाळेतली मुलं तेव्हाच जातो."

"आम्ही म्हणजे?" जाजांनी भुवई वर केली. "ममाला माहीत आहे?"

"तुम्ही सांगणार आहात का?"

"मी तर घरीच बसलोय," जाजा म्हणाले. "कोट दे माझा."

ती दोघं स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडली. गल्लीत काहीच नव्हतं. म्हणजे सगळं होतं, पण हात लावेपर्यंत नसल्यासारखं होतं. कुंपणाचा कठडा हाताखाली यायचा आणि संपायचा. त्यांच्या पावलांचा आवाज त्यांच्या थोडासा मागून येत होता. बर्नडेटने दोनदा मागे वळून बघितलं, कारण मागची पावलं, तिला वाटलं, किंचित लंगडत होती.

"बघू नकोस," जाजा म्हणाले. "तेही सामन्यालाच चाललेत."

हे त्यांनी गमतीने म्हटलं की नाही, ते तिला कधीच कळलं नाही. तिने त्यांचा हात अधिक घट्ट धरला.

वरून, आकाशातून यावेत तसे, छपरांवरचे आवाज येत होते. त्यात एक पपांचा होता. आवाज बसला होता. "आलं का? ममा? बर्नी? अहो, कुणीतरी बोला! आलं का?"

बर्नडेट थांबली. तिला एकदम रडू यायला लागलं. जाजांनी तोंड वर केलं, छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला आणि ओरडले, "आलंय रे, कॅझी! अगदी स्वच्छ आलंय!"

"खरंच?" वरून आवाज आला. "मग मी हलवत नाही हं! तुम्ही बघा, जाजा! मी असाच धरून उभा राहतो!"

आणि ते राहिले. किती वेळ, ते तुम्ही त्यांनाच विचारा. डोंबेकांच्या घरात तो विषय काढायची अजून बंदी आहे.

फाटकावर एक माणूस दिसला. अर्धाच. खांद्यांच्या वरचं धुक्याने खाल्लं होतं. "आत जा, आत जा," तो अर्धा माणूस म्हणाला. "आत काही दिसत नाही, बाहेरही काही दिसत नाही. तुम्हाला आवडेल तिथे उभे राहा."

आत तीस हजार माणसं होती आणि मुलांनो, चर्चमध्ये नसते इतकी शांतता होती. माणसं दिसत नव्हती, पण ती आहेत हे अंगाला कळत होतं, जसं अंधाऱ्या गोठ्यात गुरं आहेत हे कळतं. कुणी खोकलं. कुणाच्या तरी बाळाने हुंदका दिला. दोघं पायऱ्या उतरत उतरत अगदी तळापर्यंत गेली, जिथे कठडा आहे आणि कठड्यापलीकडे गवत. तिथे बर्नडेटच्या डोक्यावर एक पांढरा खांब धुक्यात चढत गेला होता. थोडं पलीकडे दुसरा. मध्ये आडवी दांडी. खाली पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला एक पंच उभा होता आणि वर बघत होता.

"गोलचे खांब," जाजा कुजबुजले. "इकडेच मारणार ते. दांडीवरून गेला की तीन गुण."

दूर कुठेतरी एक माणूस आकडे ओरडला. मग बुटाचा आवाज आला. एकच, पोकळ, बंद दारावर कुणी एकदाच थाप मारावी तसा. आणि मग काही नाही.

काहीच नाही. कुणी ओरडलं नाही, कारण ओरडायचं कशासाठी, ते कुणालाच माहीत नव्हतं. चेंडू धुक्यात गेला होता आणि धुक्याने तो ठेवून घेतला होता. बर्नडेटला वाटलं, आता तो कधीच येणार नाही. आपण सगळे असेच मान वर करून उभे राहणार.

आणि तो आला. आवाज न करता, सावकाश कोलांट्या खात, करड्यातून तपकिरी होत. दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या अगदी वीतभर वरून गेला आणि धप्पकन कठड्याच्या पलीकडे ओल्या गवतात पडला. त्याला चिखल लागला होता. जाजांनी वाकून हात लावला असता तर लागला असता, इतका जवळ.

पंचाने चेंडूकडे बघितलं, खांबांकडे बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे केले. तीन गुण. सामन्याची वेळ संपलेली. स्टोकर्स जिंकले होते, आणि हे सबंध जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. बाकी सारं मैदान, सगळे खेळाडू, टीव्हीतला तो केविलवाणा माणूस आणि छपरांवरचे सगळे लोक अजून वाट बघत होते.

"काय झालं?" वर कुठल्याशा ओळीतून एक थरथरता आवाज आला. "अहो, खाली कुणी आहे का? काय झालं?"

जाजांनी तोंड उघडलं. पण त्यांचा सगळा श्वास गल्लीत पपांना ओरडून संपला होता. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी पंचासारखे हात वर करायला बघितलं, पण जन्मभर धान्याच्या गोदीत पोती वाहून वाहून त्यांचे खांदे आखडले होते. हात छातीपर्यंत आले आणि तिथेच अडले. मिशीवरून धुकं, की दुसरं काही, टपटप गळत होतं.

तेव्हा बर्नडेट त्यांच्या मागच्या बाकावर चढली. तिने आपले हात वर केले नाहीत. वाकून तिने जाजांची दोन्ही मनगटं घट्ट धरली आणि टाचा उंचावून, दातओठ खाऊन, धुक्यातूनही मागच्या ओळींना दिसतील इतके उंच त्यांचे हात उचलून धरले.